गिनती पूरी नाही

पंचवीस वर्षांच्या नोकरीत मी एक खोटा रिपोर्ट दिला. तो आजवर कुणाला सांगितलेला नाही. बायकोला नाही, कोर्ट ऑफ इन्क्वायरीला नाही, निवृत्तीच्या दिवशी पाठीवर हात ठेवणाऱ्या कर्नलसाहेबांनाही नाही. किहीमच्या किनाऱ्यावरच्या एका शर्यतीत माणसं मोजायचं काम माझ्याकडे आलं नसतं, तर आताही सांगितला नसता.

आधी तो रिपोर्ट.

मी इंजिनिअर्समध्ये होतो. पूल बांधणे, सुरुंग काढणे, पलटणीला नदीपार नेणे ही आमची कामं. आमच्याकडे साध्या जवानाला सॅपर म्हणतात. मी तेव्हा हवालदार होतो. आमची प्लाटून उत्तरेकडच्या एका नदीवर सरावाला गेली होती. क्रम ठरलेला. पाचला पीटी, सातला नाश्ता, आठला होड्या पाण्यात. होड्या बाहेर आल्या की गिनती. गिनती म्हणजे हजेरी, माणसं मोजणं. फौजेत ती दिवसातून पाच-सहा वेळा होते. जे काम इतक्या वेळा होतं ते माणूस हळूहळू न बघता करायला लागतो.

गिनतीत एक रीत पडली होती. कोणी शौचाला गेला, कोणाला बूट सापडेना, तर शेजारचा त्याच्या नावाला 'हाजिर' म्हणायचा. त्याला दोस्ती म्हणायचे. मी स्वतः सॅपर असताना म्हटलेलं आहे, माझ्यासाठीही कोणी कोणी म्हटलेलं आहे.

सरावाच्या तिसऱ्या आठवड्यात, दुपारी तीन वीसला वरच्या अंगाच्या पावसाचं पाणी एकदम आलं. काठापासून चाळीसेक मीटरवर एक होडी उलटली. आत दहा जण. सगळ्यांना पोहता येत होतं, सगळ्यांच्या अंगात लाइफ जॅकेट होतं. माणसं झुडपं धरून धरून वर यायला लागली. बाकीच्या होड्यांतलेही मदतीला उतरले. काठावर सगळे एकत्र झाले, सगळे चिखलाने सारखेच दिसत होते. तीन चाळीसला रेडिओवर मेजरसाहेब आले.

"गिनती बताओ. ओव्हर."

मी नावं वाचायला घेतली. "म्हात्रे" म्हटलं. नाईक सोपान दुसऱ्या ओळीत होता. तो म्हणाला, "हाजिर." आवाज सोपानचा आहे हे मला कळलं. मी मान वर केली नाही. वही भिजत होती. मी पुढचं नाव वाचलं.

"गिनती पूरी. ओव्हर."

रेस्क्यूची होडी माघारी बोलावली गेली.

साडेचारला सोपान माझ्या तंबूपाशी आला.

"हवालदारसाब, म्हात्रे कुठं दिसत नाही."

"तू हाजिर म्हणालास."

"मला वाटलं मागं झाडीत गेलाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी तीन किलोमीटर खाली सॅपर दत्ताराम म्हात्रे सापडला. जॅकेट अंगात नव्हतं. ते बरंच वरच्या अंगाला, काठच्या झुडपात अडकलेलं मिळालं. चौकशीला बसलेल्या कोर्ट ऑफ इन्क्वायरीने हिशेब जुळवला. तीन चाळीसला गिनती पूरी होती, म्हणजे म्हात्रे सुखरूप बाहेर आला होता. नंतर त्याने जॅकेट काढलं आणि परवानगी नसताना पुन्हा पाण्यात उतरला.

"गिनती तुम्ही स्वतः केली?" मला विचारलं.

"होय, साहेब."

सोपानला मी गप्प राहायला सांगितलं होतं. तो राहिला. गेल्या वर्षी तो वारला. आता हे माहीत असलेला मी एकटाच.

आता किहीम.

निवृत्तीनंतर मी माणगावजवळ आमच्या गावी भातशेती करतो. माजी सैनिकांच्या संघटनेकडून निरोप आला की किहीमला लांब पल्ल्याची ट्रायथलॉन आहे, शिस्तीची माणसं हवी आहेत. ट्रायथलॉन म्हणजे समुद्रात दोन किलोमीटरला थोडं कमी पोहायचं, लगेच नव्वद किलोमीटर सायकल, लगेच एकवीस किलोमीटर धावायचं. पोहून बाहेर येणाऱ्यांच्या जागेवर मला नेमायचं होतं. मी नाही म्हणायला गेलो. फोनवर नाही म्हणता आलं असतं. पण मला बघायचं होतं की ही माणसं किती फसवतात.

हे कबूल करतो. माझा पहिल्यापासून संशय होता. महागड्या सायकली गाडीच्या टपावर बांधून येणारी शहरातली माणसं, रंगीत टी-शर्ट, फोटो. अशांची सुरक्षा कागदावर असते, असं माझं मत.

शर्यतीच्या आदल्या दिवशी दुपारी चारला सुरूच्या झाडांखाली ब्रीफिंग होतं. शर्यत चालवणाऱ्या नेहा कर्णिक, चाळिशीच्या, अलिबागच्याच. गळ्यात शिट्टी, हातात जाड फाइल. शेजारी वाळूवर बसलेले हिराजी नाखवा. सुरक्षेच्या सगळ्या होड्या त्यांच्या.

"तारीख कोणी ठरवली?" मी विचारलं. हॉटेलं मोकळी असतील तेव्हाची असणार, असा माझा अंदाज.

"नाखव्यांनी," नेहाताई म्हणाल्या.

"उद्या दशमी हाय," हिराजी म्हणाले. "तिथी धा, तिची पाऊणपट करा. साडेसातला भरती भरते. भांगाचं पानी, वढ कमी. उधानाला उतरवली असती ना ही मंडळी, तं फुकटात मुंबई बघून आली असती."

"आणि साडेसातनंतर?"

"मंग पानी फिरतं. तवा मी बसत न्हाय, मेजर. उभा ऱ्हातो."

मी मेजर नाही, सुभेदारही नाही, नायब सुभेदार म्हणून निघालो. पण किनाऱ्यावर फौजी म्हणजे मेजर. मी दुरुस्त करणं सोडून दिलं आहे.

मी फाइल मागितली. त्यांनी निमूट दिली. सायकलच्या रस्त्यावरचं प्रत्येक गाव त्यात होतं. कोणत्या गावात दुधाची गाडी किती वाजता येते, कुठे लग्न आहे, कोणत्या फाट्यावर शेळ्या रस्ता ओलांडतात. पाण्याच्या प्रत्येक ठाण्यावर कोण उभं राहणार, त्याच्या गैरहजेरीत कोण. अँब्युलन्स कुठून वळेल तेही काढलेलं. मी भोक शोधत होतो. सापडलं नाही, त्याने संशय वाढला. कागदावर सगळेच पक्के असतात. माझी हजेरीची वहीही पक्की होती.

मग त्यांनी फळी दाखवली. लाकडी फळी, तिच्यावर तीनशे बारा खिळे, प्रत्येकाखाली नंबर. पाण्यात जाणाऱ्याने आपलं टोकन स्वतः खिळ्यावर लावायचं. बाहेर आल्यावर स्वतः काढायचं.

"पायाला चिप असते ना? मशीन मोजतंच की," मी म्हणालो.

"मशीन वेळ मोजतं. माणूस बाहेर आला हे माणसानेच सांगायचं. नवऱ्याचं टोकन बायकोला द्यायचं नाही, मित्राचं मित्राला नाही. लोक रागावतील. रागावू देत." मग त्यांनी विचारलं, "सुभेदारसाहेब, हे काम कराल?"

 मी हो म्हणालो.

सकाळी पावणेसहाला मी जागेवर होतो. सहापासून टोकनं लागायला सुरुवात झाली. मी प्रत्येकाचं तोंड आणि नंबर बघत होतो. उरणची एक नर्स होती, तिचं टोकन दोनदा वाळूत पडलं. एक साठीचे गृहस्थ आपल्या टोकनाला नमस्कार करून गेले. सहा पंचावन्नला शिट्टी झाली. दहा दहाच्या तुकड्या पाण्यात गेल्या. बाहेर कयाक, म्हणजे एकट्याने वल्हवायच्या अरुंद होड्या, त्यापलीकडे हिराजींच्या होड्या.

सात सव्वीसला पहिला बाहेर आला. पुढचा पाऊण तास मला मान वळवायला फुरसत नव्हती. दमलेला माणूस स्वतःचा नंबर विसरतो. दोघांनी दुसऱ्याच्या खिळ्याला हात घातला, एकाने शिवी दिली. मी त्यांना रांगेत परत पाठवलं. आठ दहाला वेळ संपली. शेवटच्या माणसामागून कयाक काठाला यायला लागल्या.

फळीवर एक टोकन होतं. दोनशे सतरा.

मशीनपाशी बसलेली मुलगी म्हणाली, "चिप पण दिसत नाहीये. पण वाळूवरची मॅट कधीकधी एखादी चिप सोडते, काका."

तेवढ्यात सायकलींच्या बाजूने एक जण धावत आला. दोनशे सतराचा मावसभाऊ. स्वतःचं टोकन त्याने मघाशीच नेलं होतं. कुणीतरी नंबर पुकारल्याचं ऐकून तो परत आला होता.

"अहो तो गेला पुढे. मी बघितला ना. निळी टोपी. द्या टोकन इकडे, मी देतो त्याला."

"टोप्या सगळ्यांच्या निळ्या आहेत."

"माझा भाऊ मला कळत नाही का?"

"तोंड बघितलंत?"

"पाठमोरा होता. अहो, माझा वेळ जातोय. वर्षभर घासलीय आम्ही यासाठी."

मी एका स्वयंसेवकाला सायकल बघायला पाठवलं. तो ओरडून म्हणाला, "दोनशे सतराची सायकल इथेच आहे."

"मग टॉयलेटला गेला असेल," मावसभाऊ म्हणाला. आणि त्याने हात लांब करून खिळ्यावरच्या टोकनाला बोटं लावली.

मी त्याचं मनगट धरलं. जोरात धरलं असणार. नंतर त्यावर वळ दिसले.

रेडिओवर माझ्या जागेला हाक मारत नेहाताई आल्या. "स्विम एग्झिट, आठ बारा. गिनती?"

त्यांनी तोच शब्द वापरला. मी आदल्या दिवशी बोलताना वापरला असेन, म्हणून. मला वाटलं, आता त्या म्हणतील की मशीन चुकतं, रस्ता अडवून धरलाय, पोलीस विचारतायत, संपवा. मी त्याची वाट बघत होतो.

"गिनती पूरी नाही," मी म्हणालो. "एक कमी. दोनशे सतरा. सायकल जागेवर आहे. भाऊ म्हणतो बाहेर आलाय, पण चेहरा बघितलेला नाही."

"समजलं. सगळ्या होड्या, सगळ्या कयाक, परत आत जा. तुम्ही सांगाल तोवर पोहणं संपलं असं मी म्हणणार नाही."

हिराजींचा आवाज आला. ते उभेच होते. "पानी फिरलंय. सरळ नका शोधू. खाली दक्षिणेला, खुंटांकडं जातो मी."

जाळी बांधायला कोळ्यांनी समुद्रात खुंट रोवलेले असतात. आठ चोवीसला हिराजी त्यांच्यापाशी पोहोचले. आम्हाला काठावरून फक्त होडी दिसत होती. मावसभाऊ वाळूत खाली बसला होता. मी त्याचं मनगट सोडलं नव्हतं, हे मला नंतर कळलं.

"गावला," रेडिओवर हिराजी म्हणाले. "खुंट धरून हाय. टोपी गेलीय. पायात गोळे आलेत. जिता हाय, मेजर. शिव्या देतोय."

आठ एकतीसला त्याला काठावर आणलं. पनवेलचा दातांचा डॉक्टर. खुंटांना चिकटलेल्या कालवांच्या धारदार शिंपल्यांनी दोन्ही हात सोलून निघाले होते. अँब्युलन्सच्या लोकांनी त्याला झोपवायला घेतलं तर तो म्हणाला, "थांबा, माझं टोकन." दोघांनी धरून त्याला फळीपाशी आणलं. त्याने स्वतः काढलं.

"गिनती पूरी," मी रेडिओवर म्हणालो.  नेहाताईंनी पुन्हा सांगायला लावलं.

माझं काम तिथे संपलं होतं. मी गेलो नाही. अजूनही मला कुठेतरी फट दिसेल असं वाटत होतं. रस्त्यावर गेलो, ठाणी बघितली. शेवटच्या सायकलीमागून एक मोटारसायकल जात होती, ती पुढे गेल्याशिवाय कोणी टेबल आवरत नव्हतं. तीनच्या सुमारास उन्हात उरणची ती नर्स धावत, खरं तर चालत आली. तिच्यामागे कोणी नव्हतं. पाण्याच्या ठाण्यावर सहा जण तिच्या एकटीसाठी थांबले होते. त्यांतला एक म्हणाला, "ताई, तुमच्यासाठी बर्फ जपून ठेवलाय, लोक मारत होते आम्हाला." ती हसली आणि पुढे गेली. त्याने वहीत तिचा नंबर खोडला, मग सगळ्यांनी टेबल उचललं.

अशा शर्यतींचं मोल काय, असं मला कोणी विचारलं तर मी पहिल्या आलेल्याबद्दल बोलणार नाही. त्याचं नावही मला माहीत नाही. तीनशे बारा अनोळखी माणसांपैकी एक कमी आहे म्हणून सगळं थांबवायची तयारी ठेवलेली मी तिथे बघितली. आमच्याकडेही ती होती. ती मोडणारा मी होतो.

संध्याकाळी नेहाताईंनी चहा देताना विचारलं, "इतकं खात्रीने कसं कळलं तुम्हाला?"

"सवय," मी म्हणालो. ते खरं नव्हतं.

सॅपर दत्ताराम म्हात्रे पेणकडच्या एका मिठागरवाल्या आगरी घरातला. वय चोवीस. कुठल्याही नव्या ठिकाणी पाणी लागलं की बोट बुडवून जिभेला लावायचा आणि गोडं असलं तर तोंड वाकडं करायचा, "ह्याचं काय व्हनार न्हाय." गाठी बांधण्यात प्लाटूनमध्ये त्याचा हात कोणी धरत नव्हतं. सुट्टीवरून येताना मिठाची पुरचुंडी आणायचा, कारण लंगरच्या, म्हणजे फौजी स्वयंपाकघराच्या डाळीवर त्याचा विश्वास नव्हता. त्या दिवशी होडी उलटल्यावर त्याने सोपानला झुडपाकडे ढकललं होतं. हे सोपानने मला सांगितलं, दुसऱ्या कुणाला नाही. जॅकेट कसं सुटलं हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

त्याची आई अजून आहे. मी कधी गेलो नाही, पण ओळखीच्यांकडून कळतं. पोराला पाण्याची खोड होती, साहेबांचं न ऐकता पुन्हा उतरला, असं ती लोकांना सांगते. तिला आम्हीच तसं कळवलं होतं.

तिच्या दारात जाऊन मला सांगायचं आहे की तुमचा मुलगा हुकूम मोडून पाण्यात गेला नाही, तो पाण्यातून बाहेरच आला नव्हता, आणि मी न मोजता मोजला असं सांगितलं. हेच सही करून रेकॉर्ड ऑफिसला लिहून द्यायचं आहे. दोन्ही अजून केलेलं नाही.