ठोकळे बसवणारे भुजंगमामा

भुजंगमामा नसते तर मी आज जालन्यात नसते. हे आधीच सांगून टाकते, कारण गोष्ट सांगताना मला मधेच धाप लागते आणि मुख्य माणसाचं नाव राहून जातं. त्यांनी मला नोकरी लावून दिली असं नाही. मी काम करते त्या दुकानाचा मालक त्यांच्या ओळखीचा नव्हता, आणि भेटला असता तर त्यालाही त्यांनी मागच्या बाकावर सरकवून बसवलं असतं. मामा बदनापूर ते जालना काळी-पिवळी जीप चालवायचे आणि जीप भरेपर्यंत मोबाइलवर ठोकळे बसवायचे. माझं भलं त्यांनी या दोन कामांच्या मधोमध कुठंतरी केलं.

मी मूळची वेंगुर्ल्याकडची. नववीतच शाळा सुटली. ताईच्या बाळंतपणाला म्हणून बदनापूरला आले, कारण भावोजी तिथल्या शेती संशोधन केंद्रात कामाला आहेत. बाळ रांगायला लागलं तरी मी तिथंच. समुद्र नाही, माड नाही, आणि लोकांचं बोलणं असं की सुरुवातीला वाटायचं, सगळे माझ्यावरच रागावलेत. त्यात मी जन्माची घाबरट. जीपच्या काचेवर ‘जालना’ लिहिलेलं वाचूनही मी ड्रायव्हरला विचारायची, ही जालन्याला जाते का.

मामांनाही हेच विचारलं होतं. स्टिअरिंगवर मोबाइल टेकवून बसले होते, पांढऱ्या मिशा, डोक्याला उपरणं. वर न बघता म्हणाले, “थांब माय, हा कोयता आधी कुठं घुसवू ते कळंना.” मी दोन पावलं मागं गेले. तेव्हा त्यांनी वर पाहिलं, माझं तोंड पाहिलं, आणि हसत मोबाइलच माझ्यासमोर धरला. कोयता म्हणजे एक वाकडा ठोकळा होता.

खेळ तसा साधा. बुद्धिबळाच्या पटासारखी घरांची चौकट. खाली तीन-तीन ठोकळे येतात, वेगवेगळ्या आकारांचे. ते उचलून चौकटीत ठेवायचे. आडवी किंवा उभी ओळ पूर्ण भरली की ती गायब होते आणि गुण मिळतात. हातातल्या ठोकळ्याला जागाच उरली नाही की खेळ संपला. मामांनी प्रत्येक आकाराचं बारसं केलेलं होतं. एका घराचा तो ‘लेकरू’. सरळ लांब तो ‘ऊस’. वाकडा ‘कोयता’. नागमोडी आकाराला ते ‘भाऊबंद’ म्हणत, कारण तो कुणाच्याच शेजारी सरळ बसत नाही. आणि सगळ्यात मोठा भरीव चौकोन म्हणजे ‘सरपंच’. “सांगून येत न्हाई, आणि आला की आख्खा बाक लागतो,” म्हणायचे.

जीपमध्येही त्यांचा हाच हिशेब चालायचा. स्टँडवर माणूस येताना दिसला की मामा डोळे बारीक करायचे आणि तो जवळ येईपर्यंत त्याची जागा ठरलेली असायची. कडेवर मूल असलेली बाई कोपऱ्यात, कारण कोपऱ्यात बसलेलं हलत नाही. पाय पसरून बसणारा माणूस दोन बायकांच्या मध्ये, म्हणजे आपोआप आवळून बसतो. एकदा एक गृहस्थ भरलेलं पोतं घेऊन आले आणि त्यांना खिडकीच पाहिजे होती. मामांनी खिडकी पोत्याला दिली आणि गृहस्थांना पोत्यावर बसवलं. गृहस्थ जालन्यापर्यंत राजासारखे उंच बसून गेले आणि उतरताना पुढच्या खेपेची वेळ विचारून गेले. मामा मला म्हणाले, “गेममधी ओळ भरली की गायब होती. जीपमधी ओळ भरली की भांडण सुरू होतं. तेवढाच फरक, बाकी सगळं बराबर सेम.”

बाळाला डॉक्टरकडे न्यायला, नाहीतर कुठं काम मिळतं का बघायला, मी त्यांच्याच जीपने जायला लागले. पुढच्या सीटवर बसवायचे मला, आणि जीप भरेपर्यंत शिकवणी चालायची. त्यांचा पहिला नियम असा की, तिन्ही ठोकळे बघितल्याशिवाय पहिल्याला हात लावायचा नाही. “पहिला पाव्हणा बसवायच्या आधी तिसऱ्याचं तोंड पाह्य. न्हाई तर पहिला ऐसपैस बसतो आन् तिसरा टपावर जातो.” दुसरा, सरपंचाची जागा कायम मोकळी ठेवायची, तो दिसत नसला तरी. तिसरा, कडेकडेनं भरत यायचं आणि मधलं अंगण मोकळं ठेवायचं. एका घराचं भोक कुठंही सोडायचं नाही, कारण त्यात फक्त लेकरू मावतं आणि लेकरू नेमकं पाहिजे तेव्हा येत नाही.

गुण वाढवायची खरी मेख मात्र वेगळी होती. एक ओळ भरली की लगेच हुरळायचं नाही. दोन-तीन ओळी एकेका घरासाठी अडवून ठेवायच्या आणि एकाच ठोकळ्यात सगळ्या उडवायच्या, म्हणजे गुणांचा पाऊस पडतो. पण फार वेळ अडवूनही ठेवायच्या नाहीत. “सतरा जणांला तंगवून ठेवलं की अठरावा यायच्या आधी सोळा जण उतरून एसटीनं जातेत. मी करून बसलोय ते.” आणि खेळताना वरचा गुणांचा आकडा बघायचा नाही. मामा त्या आकड्यावर अंगठा ठेवूनच खेळायचे.

पण मला आवडायचा तो त्यांचा शेवटचा नियम. मी ठोकळा उचलला की हात थरथरायचा, घाईघाईत कुठंतरी टाकून द्यायची. मामा म्हणायचे, “काहून घाबरून राह्यली? या गेमला घड्याळच न्हाई. जल्दी केली म्हणून एक गुण जास्ती देत न्हाईत. बस निवांत. ठोकळा काय पळून जातो?” मला आयुष्यात कुणी ‘बस निवांत’ म्हटलं नव्हतं. शाळेत नाही आणि घरात तर नाहीच.

मग तो दिवस आला. जालन्यात एका साड्यांच्या दुकानात बाई पाहिजे होती, घड्या घालायला आणि साड्या उलगडून दाखवायला. मालकांनी सांगितलं होतं, सकाळी शटर उघडताना जी हजर असेल तिला ठेवू, नंतर येणारीनं चहा पिऊन परत जावं. इकडे घरून निरोप आला होता की या वेळी काम लागलं नाही तर परत ये. परत जायचं म्हणजे शाळेत टिकली नाही तशी ही बदनापुरातही टिकली नाही, असं कायमचं ठरून गेलं असतं. निदान माझ्या मनात तरी.

मी स्टँडवर पोचले तर एसटी नुकतीच गेल्ती, आणि मामांची जीप बबनच्या जीपसमोर नाकाला नाक लावून उभी. बबन तरुण ड्रायव्हर. त्याच्या जीपवर जागा मिळेल तिथं झिरमिळ्या, आणि हॉर्न असा की म्हशी उधळाव्यात. दोघांचंही म्हणणं, पहिला नंबर माझा. स्टँडवरचा कायदा असा की पहिल्या नंबरची जीप भरून निघाल्याशिवाय दुसरीनं माणूस घ्यायचा नाही. आता दोघंही पहिले, म्हणून निम्मी माणसं ह्या जीपमध्ये आणि निम्मी त्या. भरत एकही नव्हती. पूर्वी अशा वेळी कॉलर धरायचे म्हणे. मामांनी त्यावर तोडगा काढल्ता, तो सगळ्या स्टँडने मान्य केला होता: दोघांनी एकदमच ठोकळ्यांचा एक डाव खेळायचा, ज्याचे गुण जास्त त्याचा पहिला नंबर.

बबन मोबाइल काढून तयारच होता. “या मामा, म्हातारपणाला हरायची सवय पाह्यजे.”

मामांनी उजवा अंगठा वर केला. त्याला रुमाल गुंडाळलेला, दुधी भोपळ्यासारखा. म्हणाले, जॅकखाली सापडला. मग माझ्याकडे मान वळवली. “माझ्या वतीनं ही पोरगी खेळंल.”

मी म्हटलं, मामा, मला उशीर होतोय, दुकान उघडेल, मी हरले तर अजून उशीर होईल, मी दुसरी गाडी बघते. त्यांनी मला पुढच्या सीटवर बसवलं आणि मोबाइल माझ्या हातात ठेवला. “भरंना तवर कुठलीच गाडी जात न्हाई. खेळ.”

पहिलाच ठोकळा, भाऊबंद, माझ्या थरथरत्या बोटानं नेमका अंगणाच्या मधोमध पडला. बबनची माणसं हसली. मामा नुसते म्हणाले, “बसला ना? बसू दे. एक पाव्हणा दारात बसला म्हणून काय गाडी विकतेत? पुढचे पाह्य.”

मी पुढचे पाहिले. शेजारी पिशवीत कोंबडी घेतलेली एक आजी बसली होती. तिला खेळ कळत नव्हता, पण लेकराला एकटं टाकलेलं तिला चालेना. “त्याला त्याच्या मायजवळ बसव की गं,” म्हणाली, आणि माय म्हणजे कोण तर कोयता. मी बसवलं. ओळ उडाली. आजीनं दृष्ट काढल्यासारखी माझ्यावरून बोटं मोडली. मागून एक चष्मेवाले गुरुजी ऊस उभा ठेवा म्हणत होते, त्यांच्यामागून कुणी आडवा म्हणत होतं. ऊस उभा की आडवा यावरून जीपमध्ये दोन तट पडले. हा गलका ऐकून बबनच्या जीपमधली माणसं एकेक करत आमच्या खिडकीशी आली.

“उभं राहून मान काहून मोडून घेता?” मामांचा आवाज माझ्या कानावर अर्धवट पडत होता. “आत बसून पाह्या ना. तुम्ही तिकडं सरका. ताई, तुम्ही कोपऱ्यात. हां, गुरुजी, पाय जवळ घ्या.”

मी तीन ओळी एकेका घरासाठी अडवून ठेवलेल्या होत्या. खाली ठोकळा आला, बरोबर बसणारा. मी तो उचलला, आणि तेवढ्यात धाडकन दार लागलं आणि जमीन हलली. मला वाटलं भूकंप. ती जीप होती. मामांनी सुरू केली होती, आणि जीप गच्च भरलेली होती, टपापर्यंत.

पलीकडे बबन अजून मान खाली घालून खेळत होता. त्याच्या जीपमध्ये फक्त एक रिकामं पोतं उरलं होतं. हॉर्न ऐकून त्यानं वर पाहिलं. “ओ मामा, डाव चालू हाय अजून.”

मामा खिडकीतून म्हणाले, “चालू दे. तू जिंकला. मी निघालो.”

त्यानंतर बबन जे बोलला ते इथं लिहिता येणार नाही, पण शेवटी तोही हसायला लागला होता. मामांनी दुसऱ्या दिवशीचा पहिला नंबर त्याला न मागता दिला.

वाटेत मला खेळ थांबवता येईना. कुणी थांबवू देईना. खड्डा आला की माझं बोट घसरायचं आणि अख्खी जीप हळहळायची. तीन ओळी एकदम उडाल्या तेव्हा कोंबडीसकट सगळे ओरडले. सरपंच आला, त्याला जागा होती. परत आला, परत होती. मी आकडा बघत नव्हते, गुरुजी बघत होते. जालन्यात शिरताना त्यांनी जाहीर केलं की मामांचा स्वतःचा सगळ्यात मोठा आकडा मागं पडला.

मामांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. “माझाच रेकॉर्ड मोडला? माझ्याच गाडीत बसून? उतर खाली.” उतरायचंच होतं, दुकानासमोरच थांबवलं होतं त्यांनी. मालक शटरला हात घालत होते. मी मोबाइल मामांच्या हातात कोंबला आणि पळाले. पळताना लक्षात आलं की निघाल्यापासून मी घड्याळ बघितलंच नव्हतं. माझा हात स्थिर होता. त्या स्थिर हातानं मी पहिली साडी उलगडली आणि परत घडी घातली, आणि मालक म्हणाले, उद्यापासून अशीच वेळेवर येत जा.

संध्याकाळी स्टँडवर मामा नेहमीसारखे खेळत होते. उजव्या अंगठ्याने. रुमाल गळ्यात. मी अंगठ्याकडे बघत राहिले तर म्हणाले, “उतरली सूज.” एवढंच. मग मी दिलेला पेढा घेतला, अर्धा स्वतः खाल्ला आणि अर्धा मागच्या आजोबांना दिला, कारण ते आपल्याला खिडकी मिळाली नाही म्हणून रुसले होते.

पुढं मी जालन्यातच खोली घेतली. मामांनी जीप विकली आणि पिंपळगाव रेणुकाईला लेकाकडे गेले. त्यांच्या घराण्यात पूर्वी मेंढरं होती, आता शेती आणि शेळ्या आहेत. फोनवर सांगत होते, शेळ्या ठोकळ्यांपेक्षा अवघड, बसवलं तिथून उठतात. डोळ्याला कमी दिसतं आता, म्हणून नातू खेळतो आणि हे मागून भांडतात. माझा आकडा अजून कुणी मोडलेला नाही, असं मला रागानंच सांगितलं.

मामांनी जीप विकण्याआधीच्या शेवटच्या खेपेला मी पुढं त्यांच्या शेजारी बसले होते. त्या दिवशी गर्दी खूप होती आणि ड्रायव्हरच्या सीटवरही त्यांनी एक माणूस घेतल्ता. तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं: भुजंगमामा अर्ध्या मांडीवर बसून गाडी चालवत होते. एक खांदा दाराबाहेर, कोपर वाऱ्यावर. इतकी वर्षं सगळ्यांना जागा करून देणारा माणूस स्वतः कधी पूर्ण सीटवर बसला नव्हता. मी विचारलं, कधी लांबचा प्रवास केलाय का. म्हणाले, जालन्यापलीकडं काय असतं, ते पॅसेंजरला ठाऊक.

मामा, तुम्ही हे वाचणार नाही, नातवाकडून ऐकाल. त्याला सावकाश वाचायला सांगा. एक दिवस मी तुम्हाला माझ्या गावी समुद्रावर घेऊन जाणार आहे. एसटीची दोन माणसांची सीट घेईन, खिडकीची. त्यावर तुम्ही एकटेच बसाल, पाय पसरून, थेट वेंगुर्ल्यापर्यंत. वाटेत कुणी किती का विनवणी करेना, मी तुमच्या शेजारी कुणाला बसू देणार नाही. तुम्हालासुद्धा सरकू देणार नाही.