एस्तेरबाईंच्या आठ पिशव्या

एस्तेरबाई गेल्याचा फोन आला तेव्हा नळाला पाणी आलं होतं आणि मी बादल्या भरत होते. फोन त्यांच्या भाच्याचा होता. "काकू, आत्या गेली. सकाळी झोपेतच..." एवढं बोलून तो थांबला. आणि खरं सांगते, माझ्या मनात पहिला विचार आला तो 'आता नाताळाचं काय?' असा. नाताळ महिन्यावर होता. माझी मलाच लाज वाटली. माणूस गेलं आणि मला भेटवस्तू सुचतायत! पण आज दीड-दोन महिन्यांनी वाटतं, दुसरं कुणी गेलं असतं तर मला असं काही सुचलं नसतं.

मी मूळची निमोण्याची, शाळेला शिरूरला होते. तिथं ह्याच एस्तेरबाई आम्हाला शिवण शिकवायच्या. माझ्या हाताला वळण नाही ते तेव्हापासूनच. मी केलेलं काज उजेडात धरून त्या म्हणाल्या होत्या, "यातून बटण नाही, म्हैस जाईल." पुढं लग्न होऊन मी दौंडला आले, आणि काही वर्षांनी आमच्याच चाळीत, कोपऱ्यातल्या खोलीत, निवृत्त होऊन राहायला आल्या त्या बाईच. मला बघून हसल्या. मी पदर सावरून उभी राहिले, जणू वही दाखवायची होती.

चाळीत नऊ खोल्या. ख्रिस्ती घर त्यांचं एकटीचं, पण नाताळच्या सकाळी उरलेल्या आठही घरांत करंज्यांच्या ताटाबरोबर एकेक भेट यायची. त्यांचे नियम ठरलेले होते. वस्तू घरीच करायची, दोऱ्याशिवाय काही विकत आणायचं नाही, आणि एका भेटीला अर्ध्या तासाच्या वर वेळ द्यायचा नाही. "त्याच्यापुढं गेलं की ती भेट राहत नाही, प्रदर्शन होतं," म्हणायच्या. आणि मुख्य म्हणजे सामान त्याच घरातलं हवं. वर्षभर त्या दारोदार जुनंपानं मागत फिरायच्या आणि घराचं नाव लिहिलेल्या पिशवीत भरून ठेवायच्या. आमच्या शेजारच्या शमीमभाभीकडं लग्नपत्रिकांचा ढीग असायचा. त्या जाड, चकचकीत कागदाची बाईंनी बांगड्या ठेवायची पेटी केली. माझ्या लेकीच्या फाटक्या युनिफॉर्मचा खिसा कापून, त्याला नाडी लावून, चार्जिंगला लावलेला मोबाईल ठेवायची झोळी केली. एकदा तर माझीच लोणच्याची बरणी घासूनपुसून, तिच्यात स्वतःच्या डब्यांतले तांदूळ, डाळ आणि मसाल्याचे थर भरून परत दिली. वर चिठ्ठी, 'कंटाळा येईल त्या दिवशी खिचडी.' आपल्याच घरातला कचरा असा नटून परत आला की हसू यायचं आणि भरूनही यायचं.

एका वर्षी मात्र घोटाळा झाला, आणि तो मी केला. आम्ही धनगर. माझे सासरे, आबा, तरुणपणी मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडलेले. साफसफाई करताना कसरीनं खाल्लेली एक घोंगडी सापडली, ती मी कुणाला न विचारता बाईंच्या पिशवीत कोंबली. आमचे हे कुरकुंभला कंपनीत आठ-आठ तास उभे असतात. बाईंनी त्या घोंगडीतून ह्यांच्या बुटांत घालायचे मऊ तळवे कापले. नाताळच्या सकाळी आबांनी ते ओळखले.

"आमच्यात घोंगडीवर देव मांडत्यात," आबांचा आवाज चढला. "आन् तुमी ती पायताणात घातली व्हय?"

बाई नवी साडी नेसून, ताट हातात धरून दारात उभ्या होत्या. घोंगडी सुनेनं दिली, असं त्यांना एका शब्दात सांगता आलं असतं. त्या म्हणाल्या, "आबा, चूक माझी. विचारायला हवं होतं." मी आत, ओट्यापाशी... गप्प. आबांनी ते तळवे हातात घेऊन उलटसुलट करून पाहिले. मग मुलाला म्हणाले, "घालून बघ." ह्यांनी बुटांत घातले, दोन पावलं चालले. "बरं वाटतंय का?" "वाटतंय." "मग ऱ्हाऊ दे. मेंढरामागं माझंबी पायच दुखायचं." पुढच्या वर्षी पिशवीत पहिला सदरा आबांनी स्वतः टाकला. मी मात्र बाई होत्या तोवर खरं बोलले नाही, आणि बाईंनीही तो विषय पुन्हा काढला नाही.

ह्या दिवाळीनंतर बाईंचा दमा वाढला. भेटायला गेले तर म्हणाल्या, "पलंगाखाली ट्रंक आहे. आठही पिशव्या भरल्यात. यंदा तू कर."

"मी? बाई, तुम्हीच मला शिवणात..."

"नापास नव्हतं केलं. पस्तीस दिले होते." धाप लागली तरी हसल्या. "शिवता येत नसेल तर गाठी मार. पण एकही घर चुकवू नकोस."

मी 'हो' म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "काहीतरीच काय, तुम्ही बऱ्या व्हाल, तुम्हीच कराल." त्यांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. ती आमची शेवटची भेट. त्यांच्याशी मी दुसऱ्यांदा चुकीच्या वेळी चुकीचं वागले होते, आणि आता निदान पिशव्या तरी चुकायला नकोत, एवढंच डोक्यात होतं.

भाच्याकडून ट्रंक आणली. नाताळला पाच दिवस राहिले होते. पहिल्या पिशवीत शमीमभाभीचा जुना दुपट्टा होता. त्याची पिशवी शिवायला रविवारची अख्खी सकाळ गेली, आणि झाली ती एका बाजूनं लोंबणारी. बोटं टोचून घेतली, चिडून दोन वेळा उसवली, आणि शेवटी चक्क रडले. तेवढ्यात स्वतः भाभीच दारात. "अगं, ह्यो माझा दुपट्टा न्हवं?" मी पटकन लपवला. आपली भेट आधी बघायची नाही, हे सगळ्या चाळीला ठाऊक होतं.

भाभी तशीच आत आली आणि खाली बसली. म्हणाली, "तू माझी कर. दुसऱ्याची मला दे. येकटीनं किती करशील?" मग तिनंच आवाज देऊन बाकीच्यांना बोलावलं. पिशव्या वाटल्या, फक्त आपली पिशवी आपल्याला नको एवढं पाळलं. सगळ्याजणी एकमेकींकडं पाठ करून बसल्या होत्या आणि मधूनच कुणीतरी ओरडायचं, "इकडं बघू नगंस!" मी दुपट्ट्याच्या तिन्ही बाजूंना नुसत्या गाठी मारल्या. भाजीची पिशवी झाली, अर्ध्या तासाच्या आत. संध्याकाळपर्यंत आठही झाल्या. आबांच्या यंदाच्या सदऱ्याची कापलेली कॉलर चुकून त्यांच्या नजरेस पडली, तेव्हा ते म्हणाले, "बाईंची सर न्हाई, पर बरं हाय." त्याच रात्री जेवताना मी त्यांना घोंगडीचं खरं सांगितलं. "म्हाईत हाय," आबा म्हणाले. "त्या बाईला माझ्या पेटीतली घोंगडी कशी गावंल? तू कवा बोलतीस, ते बघत हुतो."

नाताळच्या सकाळी आठही घरांत भेट गेली. कोपऱ्यातल्या खोलीला कुलूप होतं.

नव्या वर्षात त्या खोलीत बिहारकडचं एक जोडपं भाड्यानं आलं, छोट्या मुलीला घेऊन. नवरा ह्यांच्याच कंपनीत. परवा ती बाई आमच्या दारात आली. हातात मुलीचा लहान झालेला फ्रॉक, धुऊन घडी घातलेला. एस्तेरबाईंना तिनं कधी पाहिलंसुद्धा नव्हतं.

"भाभीजी ने बताया," ती चाचरत म्हणाली. "बड़े दिन... क्रिसमस के लिए लेते हैं ना आप लोग? पुराना है... चलेगा?"

मी नवी पिशवी काढली आणि तिला तिचं नाव विचारलं.