होनोराताबाईंना दाखवलेली भीती

होनोराता विल्चेक माझ्या वरच्या मजल्यावर राहतात. आमच्या शेराद्झ गावच्या शाळेत तीस वर्षं त्यांनी मुलांना बीटाचं सूप वाढलं. कुणी ताटात टाकलेलं त्यांना खपायचं नाही. अशी खमकी बाई फसली, याचा मला अजून राग येतो.

गावच्या सभागृहात हृदयाची फुकट तपासणी आहे, असं निमंत्रण आलं होतं. पांढऱ्या कोटातल्या एका तरुणानं त्यांच्या बोटाला एका यंत्राचा चिमटा लावला, त्याच्या पडद्याकडे बघून मान हलवली आणि नवरा कशानं गेला ते विचारलं. झटक्यानं, बाई म्हणाल्या. तुमच्याही नसा तशाच झाल्यात, असं त्यानं हळूच सांगितलं. यावर उपाय म्हणून त्यानं चुंबक बसवलेली महागडी गादी पुढं केली, आणि तासाभरात बाईंनी ती घ्यायच्या करारावर सही केली.

पुढचे तीन आठवडे त्या जिन्यालाच घाबरायच्या. दर पायरीला थांबून छातीवर हात. शेवटी खऱ्या डॉक्टरांनी तपासलं. हृदय ठणठणीत होतं.

गादी परत न्या म्हणून फोन केला, तर कंपनी म्हणे, करार आमच्या दुकानात झालाय, कागदावर तसं लिहिलंय, दुकानातला माल परत घेत नाही. बाई तडक जिल्ह्याच्या ग्राहक अधिकाऱ्याकडे गेल्या. तो म्हणाला, अशा कार्यक्रमात घेतलेली वस्तू मुदतीत परत करायला कारणही द्यावं लागत नाही. आजच लेखी कळवा. पण सही सभागृहात झाली, हे सांगणारं कुणीतरी हवं.

तिथं त्या दिवशी चाळीसेक बायका होत्या. आम्ही दोघी दारोदार फिरलो. एकजण म्हणाली, मी गेलेच नव्हते. मागं तिच्या पलंगावर तीच गादी दिसत होती. लाज वाटायला हवी होती कुणाला आणि वाटत होती कुणाला! त्यातल्या दोघीजणी मात्र साक्ष द्यायला तयार झाल्या. बाईंनी लेखी कळवूनही कंपनी ऐकेना, तेव्हा प्रकरण कोर्टात गेलं.

कोर्टात कंपनीच्या वकिलानं विचारलं, "सही करताना तुमचा हात कुणी धरला होता का?"

"हात धरला असता तर बरं झालं असतं, साहेब," बाई म्हणाल्या. "सोडवून तरी घेतला असता. त्यानं माझ्या मेलेल्या नवऱ्याचं नाव घेऊन घाबरवलं."

निकाल बाईंच्या बाजूनं लागला. गादी गेली, पैसे आले. पांढऱ्या कोटातला तो तरुण मात्र कोर्टात फिरकलाच नाही. तो डॉक्टर नव्हता, एवढंच कळलं. कंपनी म्हणाली, तो आता आमच्याकडे नसतो.

घरी येताच बाईंनी चष्मा लावला आणि पोलिसांकडे तक्रार लिहायला घेतली.

"बस इथं, एवेलिना," मला म्हणाल्या. "तोतया हा शब्द मला नीट, मोठ्या अक्षरात लिहायचाय."