मासळी डावीकडे, मेंढी उजवीकडे

आमच्या कारखान्याच्या दारात रोज सकाळी हात तपासतात. आधी तळवे, मग पालथे, मग नखं. बांगडी चालत नाही, अंगठी चालत नाही, मेंदी तर मुळीच नाही. लग्नसराईत पोरी रंगलेले हात घेऊन कामावर येतात आणि रंग उतरेपर्यंत त्यांना खोकी दुमडायला बसवतात. मासळी गोठवून चीनला जाते, तिला आमचा रंग लागता कामा नये. हे बरोबरच आहे, माझी तक्रार नाही. या कारखान्याने मला पोटाला लावलं आहे. पण त्या रांगेत उभी राहून मी हात पुढे केले की दर वेळी आई आठवायची. सगळ्यांचे हात दारापुरते कोरे, माझे मुळातच कोरे. आईला हे फार लागलेलं होतं.

आम्ही माण तालुक्यातले, मेंढरं पाळणारे. लोक म्हणतात, शाळा सुटली. माझी सुटली नाही. दिवाळीनंतर आम्ही मेंढरं घेऊन निघायचो तेव्हा ती मागं राहायची. सहावीत ती कायमची मागं राहिली. आईचा हात मनगटापासून कोपरापर्यंत गोंदलेला, तुळस, विंचू, पाळणा आणि मधे दाण्यासारखे ठिपके. एकदा आमच्या तळावर गोंदणारीण आली. तिने सुयांची जुडी काजळीत बुडवली आणि मी पळाले ती थेट मेंढरांच्या घोळक्यात जाऊन बसले. आईने हाका मारल्या, शिव्या दिल्या, शेवटी माझ्या वाटणीची बाजरी देऊन त्या बाईला वाटेला लावलं.

"मरताना अंगावरचं सगळं काढून घेत्यात," आई म्हणाली. "हे तेवढं संगती येतं. तू वर जाशील आन् तुला कोण वळखंल? कोरी कुठली!"

तेव्हापासून काही चुकलं की मी "कोरी". भाकरी करपली, कोरी. लग्न मोडलं तेव्हा तर तिने तोंडाने म्हटलंही नाही, नुसतं माझ्या हाताकडे पाहिलं.

रत्नागिरीला आले तेव्हा मला समुद्राची भीती वाटायची, माशाच्या वासाची वाटायची, आणि कुणी काही विचारलं की सगळ्यात जास्त वाटायची. आता मी निवडीच्या टेबलावर आहे. कल्ला उघडायचा, डोळा बघायचा, बोटाने दाबायचं. ताजी मासळी इकडे, नरम तिकडे. माझ्या हाताखाली पोरी आहेत आणि त्या मला ताई म्हणतात. सहावी शिकलेल्या बाईला यापेक्षा काय पाहिजे? तरी रात्री कडी लावली का हे मी दोनदा उठून बघते. स्वभाव आहे.

चीनला जाणाऱ्या खोक्यांवर निळ्या शाईत दोन मोठी चिनी अक्षरं छापलेली असतात. कित्येक वर्षं ती रोज डोळ्यांपुढून गेली. त्यातल्या दुसऱ्याच्या उजव्या अंगाला वर दोन छोट्या रेघा फाकलेल्या, खाली आडव्या रेघा, मधून एक उभी. मला त्यात मेंढराचं तोंड दिसायचं. हे मी कुणाला बोलले नाही. पण मनात येऊ लागलं की गोंदायचंच झालं तर हे. सगळं दारात उतरवून ठेवावं लागतं तिथे एखादी खूण तरी आपल्याबरोबर आत यावी. आणि आईचा शब्द एकदाचा खाली पडावा.

म्हणून स्टँडजवळच्या माडीवर टॅटूचं दुकान आहे तिथे चौकशीला गेले. दुकानदार तरुण पोरगा, कानात बाळी. त्याने मोबाईलवर चिनी अक्षरांची रांगच दाखवली. शक्ती, प्रेम, नशीब, ड्रॅगन.

"शक्ती घ्या ताई. शक्ती लई चालते."

"ही शक्तीच आहे कशावरून?"

"नेटवर आहे ना."

"आणि चुकीचं निघालं तर?"

"ताई, रत्नागिरीत चिनी वाचतो कोण?" तो हसला.

मी जिना उतरले. वाचणारे येतात, हे त्याला माहीत नव्हतं. आमच्याकडे माल तपासायला येतात.

त्या हंगामात खरेदीदाराकडून एक बाई आली होती. बारीक अंगाची, स्वतःचा चाकू आणि थर्मामीटर घेऊन फिरणारी, दुपारी फक्त उकडलेली अंडी खाणारी. ती फोनमध्ये चिनी बोलायची आणि फोन आम्हाला हिंदीत सांगायचा. आम्ही निवडलेली मासळी तिने कापून पाहिली, हुंगली, आणि माझ्याकडे बघून अंगठा वर केला. त्या अंगठ्याच्या जोरावर मी धीर केला. खोक्यावरच्या त्या अक्षरावर बोट ठेवलं आणि नुसत्या भुवया उंचावल्या.

फोन म्हणाला, "ताज़ा. स्वादिष्ट."

मग तिने मार्करने अक्षराचे दोन भाग केले. डावीकडे गोल केला. "मछली." उजवीकडे गोल केला. "बकरी."

म्हणजे मला मेंढराचं तोंड दिसायचं ते खोटं नव्हतं. पण बकरी? बकरी आणि मेंढी एक नव्हे. माझ्या बापासमोर कुणी असं बोललं असतं तर त्याने पाण्यालाही विचारलं नसतं. मी आजूबाजूला पाहिलं, आणि त्या थंडगार हॉलमध्ये, तोंडाला मास्क, डोक्याला टोपी, अशी उभी राहून आधी शेळीसारखी ओरडले, मग मेंढीसारखी. सगळ्या पोरी थांबल्या. चिनी बाई इतकी हसली की तिला मास्क खाली करावा लागला. फोनवर उत्तर आलं, "दोनों. एक ही शब्द."

एवढा मोठा देश आणि शेळी-मेंढीला एकच शब्द! मग मी ठरवलं, माझ्या हातावर ती मेंढीच असणार.

का विचारतेस, असं तिने विचारलं. मी माझ्या कोपराखाली बोट ठेवून टोचल्यासारखं केलं. ती गंभीर झाली. एका पुठ्ठ्यावर तिने तेच अक्षर सावकाश, एकेक रेघ मला दाखवत, मोठं काढून दिलं आणि फोनला बराच वेळ काहीतरी सांगितलं. फोन एवढंच म्हणाला, "यह अच्छा शब्द है. तुम्हारा काम है." तिचे उपकार मी कसे सांगू? तिला मराठीत थँक्यू म्हणाले.

हातावर ओली जखम असली तर टेबलावर उभं करत नाहीत, म्हणून पावसाळ्यात मासेमारी बंद होऊन काम मंदावेपर्यंत थांबले. दुकानदाराने पुठ्ठा उलटसुलट करून पाहिला. "खोक्यावरून गोंदवणारं पहिलंच गिऱ्हाईक तुम्ही." मशीन सुरू झालं. या वेळी मी पळाले नाही. रडले थोडी, पण बसून राहिले.

मी ज्यांच्या घरी भाड्याने राहते त्या खाला दारातच उभ्या होत्या. त्यांचे यजमान आखातात. मी तापले तर पेज आणि उशीर झाला तर ओरडा, दोन्ही त्यांच्याकडूनच मिळतं.

"अगो बाय, हे काय करून आलीस? आमच्यात हे हराम. अल्लाने दिलेल्या कातड्यावर कोणी असं लिहितं काय?"

मला वाटलं, आता खोली सोडा म्हणतील. त्या आत गेल्या आणि खोबरेल तेलाची वाटी घेऊन आल्या. "लाव. पाप ते पाप, पण पिकायला नको."

आईला मात्र मी फोनवर काही सांगितलं नव्हतं. तीच निघाली. "सुट्टी हाय न्हवं तुला? येते." आंबा घाटात तिचं पोट इतकं ढवळलं की हातखंब्याला ती एसटीतून उतरूनच बसली. रत्नागिरी पुढे आहे असं कंडक्टरने सांगितलं तर त्यालाच म्हणाली, "जा तू. माझी पोरगी येतीया." तिचा फोन आला तशी मी रिक्षा घेऊन गेले. बाजरीच्या पिशवीवर घोंगडं टाकून ती बसली होती. उठायला तिने माझा हात धरला आणि तसाच धरून ठेवला.

"हे काय गं?"

"गोंदलंय."

तिने अंगठ्याला थुंकी लावून घासलं. गेलं नाही.

"कुणाचं नाव हाय?"

"कुणाचं नाव न्हाई आई. चिनी अक्षर हाय."

ती रिक्षात बसली. मी बाहेर बघत राहिले. कोरा हात तिला सलत होता, आता त्यावर परक्या मुलखाचं काहीतरी. यापेक्षा कोरी बरी होतीस, असं ती म्हणणार, मी तयारच होते.

"मला तुझं मराठी तरी कुठं वाचता येतं," ती म्हणाली. "मला चीनचं काय नि आपलं काय. त्यात हाय काय, ते सांग."

"डावीकडं मासळी. माझं काम. आन् उजवीकडं..."

"थांब." तिने माझा हात लांब धरला, डोळे बारीक केले. लांबच्या माळावर आपली मेंढरं कुठली ते बघताना करते तसे. "शिंगं हायती."

"व्हय."

"मेंढरू हाय." मग बराच वेळ बघून, "पाय कुठं गेलं ह्याचं?"

रिक्षावाला मागे वळून हसला.

घरी पोचलो तेव्हा खालांनी आईला पाणी दिलं, बसवलं, आणि न राहवून म्हणाल्याच, "तुमच्या मुलीला समजवा हो. किती चांगली मुलगी, आणि कातड्यावर लिहून घेतलंन. पाप लागतं."

आईने तांब्या खाली ठेवला. स्वतःची बाही कोपरापर्यंत सारली आणि आपला हिरवा हात माझ्या हाताशेजारी धरला. तुळस, विंचू, पाळणा, आणि पलीकडे माझी काळी मासळी आणि मेंढी.

"लागू द्या," ती म्हणाली. "आमची मेंढरं हायती त्यात. चीनच्या लोकास्नी ठावं हाय, तुमास्नी न्हाई व्हय?"

"मेंढरं? कुठे?" खाला चष्मा शोधू लागल्या.

मी संकोचून हात मागे घ्यायला गेले तर आईने तो घट्ट धरला. "सरळ धर की. त्यास्नी दिसू दे." आणि बोटाने एकेक रेघ दाखवत ती खालांना सांगू लागली. शिंगं कुठली, पाठ कुठली, आणि पाय का नाहीत, तर ते गवतात आहेत म्हणून.