मस्कत, आई आणि चौदाची शाल

ई-व्हिसाच्या फीचा आकडा होता वीस. मी बिनधास्त कार्डाचा नंबर टाकला आणि साडेचार हजार गेल्याचा मेसेज पाहून किंचाळलेच! वीसच्या आधी OMR अशी तीन अक्षरं होती, म्हणजे ओमानी रियाल, आणि एक रियाल म्हणजे जवळपास सव्वादोनशे रुपये. डॉलरच काय तो महाग, अशा भ्रमात मी आजवर जगत होते. आईला काही बोलले नाही, नाहीतर तिनं पुंडलिकनगरातल्या आमच्या घरातूनच मस्कतला हात जोडले असते. दादा तिथं एसी मेकॅनिक आहे. दोन वर्षं तो घरी आला नव्हता आणि आईला त्याला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं.

ट्रॅव्हल्सनं मुंबई, तिथून विमानानं तीनेक तासांत मस्कत. विमानतळावर पैसे बदलायला पाचशेच्या नोटांची गड्डी दिली, तर हातात आल्या मोजक्याच नोटा. "बाकीचे?" अशा नजरेनं मी काचेआडच्या माणसाकडं बघतच राहिले. तुम्ही जाणार असाल तर लक्षात ठेवा, तिथं एका रियालचे हजार बैसा होतात, म्हणून दशांश चिन्हापुढं तीन आकडे असतात. ४.२५० म्हणजे सव्वाचार, सव्वाचार हजार नव्हे. अरबी पाच तर चक्क आपल्या शून्यासारखा दिसतो! मस्कतच्या रुवी भागातल्या मलबारी हॉटेलात चहा शंभर बैसा, म्हणजे बावीसेक रुपये. टॅक्सीत बसण्याआधी भाडं ठरवून घ्या.

पण खरा हादरा बसला मत्रहच्या बाजारात. आमची आई म्हणजे गावाकडं शहागंजच्या भाजीबाजारात कोथिंबिरीच्या जुडीसाठी दोनदा माघारी फिरणारी बाई. दादा घरी पैसे पाठवतो ते खात्यात रुपयांतच येतात, त्यामुळं रियालशी तिचा कधी संबंधच आला नव्हता. एका मोरपंखी शालीवर चिठ्ठी होती, १४.०००.

"चौदा?" आई दुकानदाराला म्हणाली. "बाराला द्या."

"माताजी, असली पश्मीना है."

"बरं, घ्या चौदा. एवढ्याशासाठी काय घासाघीस करायची!"

तिच्या लेखी ते चौदा रुपयेच होते! मग अत्तर, लोबान, शेजारपाजाऱ्यांसाठी हलव्याचे डबे! "इथं लई स्वस्ताई हाय गं," म्हणत ती पुढच्या दुकानात शिरली. दादा मुकाट्यानं पैसे देत होता. मी त्याला बाजूला ओढलं.

"सांग की तिला! चाळीस रियाल झाले, नऊ हजार!"

"गप. दिवाळीच्या तिकिटाला ठेवलेले हायत, पुरतील."

"म्हणजे तू दिवाळीला येणार नाय?"

"तिच्याकडं बघ की जरा."

आई आरशासमोर होती. शाल खांद्यावर टाकून पुन्हा पुन्हा वळून बघत होती. स्वतःसाठी काही घेताना तिला इतकं खूश मी जन्मात पाहिलं नव्हतं. मला रडू आलं.

परत येऊन आठवडा झाला. समुद्र आणि पांढरी घरं आतापासूनच पुसट व्हायला लागलीत. कुठलाही आकडा दिसला की आधी शेजारची अक्षरं वाचायची सवय मात्र लागलीय. काल शेजारच्या रेहानाभाभी हलव्याचा डबा घ्यायला आल्या. त्यांचे मिस्टर बरीच वर्षं आखातात होते. आईनं हौसेनं शाल दाखवली.

"कितने की ली, ताई?"

"चौदाची."

"चौदा रियाल? या अल्ला, तीन हजार के ऊपर हुए ना!"

 आईनं माझ्याकडं पाहिलं आणि माझा चेहरा बघून तिला सगळं कळलं. तिथूनच तिनं दादाला फोन लावला, स्पीकरवर.

"मला सांगितलं असतं तर म्या एक बी वस्तू घेतली नसती!"

"म्हणूनच नाय सांगितलं."

"पैसं कुठलं व्हतं?"

"दिवाळीच्या तिकिटाचे."

 शालीचं टोक आईनं मुठीत घट्ट धरलं.

"तू दिवाळीला ये," ती म्हणाली. "तिकीट मी काढते. आकडा तेवढा रुपयांत सांग."