कंदुरीची कलेजी

मी तोंडाची फटकळ. आत्याबाई, म्हंजे माझ्या सासूबाई, म्हणतात, हिच्या तोंडाला कुलूप न्हाई. पण जिथं तोंड उघडायचं तिथं वीस वर्षं माझ्या ध्यानातच आलं न्हाई.

आमच्यात दर साली दर्ग्याला कंदुरी असते. बकरं कापायचं, रांधायचं, भावकीला जेवू घालायचं. आतडी-कलेजी साफ करायचं काम माझं. कलेजीवर कधीकधी पाण्यानं भरलेले पांढरे फोड निघायचे. तेवढा तुकडा मी कापायची न् कुत्र्यापुढं टाकायची. नवसाचं मातीत टाकू न्हाई, मुक्या जिवाच्या तोंडी जाऊ द्यावं, असं आत्याबाईंनीच शिकवलेलं.

कुत्रं मालकाचं लाडकं, म्हंजे माझ्या नवऱ्याचं. त्याला कुरवाळायचे न् त्याच हातानं भाकर मोडायचे. मी ओरडायची, "हात तरी धुवा की!" तर म्हणायचे, "तुझ्यापरीस सोच्छ हाय ते."

दोन वर्षांमागं मालकांच्या उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं. परभणीच्या डॉक्टरनं तपासून विचारलं, घरी कुत्रं आहे का, त्याला कच्ची कलेजी घालता का? मी हो म्हणले. मग त्यांनी सांगितलं. फोडातले जंत कुत्र्याच्या आतड्यात वाढतात, त्यांची अंडी विष्ठेतून त्याच्या केसांना लागतात, तिथून आपल्या हाताला न् पोटात. मग माणसाच्या कलेजीत तसाच फोड. म्हंजे मीच चारलं की हो त्यांना!

घरी येऊन कुत्र्याला जंताची गोळी दिली. बैल गेला न् झोपा केला.

ऑपरेशन झालं. वरसात गाठी परत आल्या, फुफ्फुसात बी. डॉक्टर म्हणले, आता कापण्यासारखं राहिलं न्हाई, गोळ्या चालू ठेवा. मालक अर्ध्या भाकरीवर उठायला लागले.

आत्याबाईंनी लेकासाठी मोठी कंदुरी धरली. मी लय भांडले. "करा, पण कलेजी मला द्या, मी खोल पुरते." त्या रडायलाच लागल्या. "माझ्या लेकाच्या जिवाचा नवस मातीत घालतीस व्हय गं?" सगळी भावकी त्यांच्याच बाजूनं.

फोड निघालेच. मी हात घालायच्या आत मालकांनीच तुकडा उचलला न् दारातल्या कुत्र्याला टाकला.

"आईचं मन नको मोडू," म्हणले. "मला आता नव्यानं काय व्हायचंय?"

माझं तोंडच उघडलं न्हाई. कुत्रं खात होतं, न् आमची तीन वर्षांची नात त्याच्या गळ्यात हात टाकून बसली होती.