रेडिओची फिरती तिवई

गल्लीच्या तोंडाशी दुकान असलेल्या त्या सुतारांना सगळे आबा म्हणत. नाव मी कधी विचारलं नाही. रेडिओ घेतला, पण धुळ्यातल्या आमच्या एका खोलीत तो ठेवायला जागा नव्हती. म्हणून मी आबांना कोपऱ्यात मावेल अशी तिवई सांगितली. वरची फळी फिरती हवी, म्हणजे पाहुणे आले की रेडिओ त्यांच्याकडे वळवता येईल, असंही बजावलं.

माप घेण्याआधी आबा घरात बसून पाहत. आधी ते माझ्या खाटेवर बसले, मग पाहुण्यांच्या खुर्चीवर. मग म्हणाले, "भाऊ, वहिनी कोठे बसतस?"

"ती कुठे बसणार? पडद्यामागे, चुलीपाशी असते."

आबा पडद्यामागे गेले आणि चुलीपुढच्या पाटावर बराच वेळ बसून राहिले.

आठवड्याने तिवई आली. वरची फळी चुलीकडे एका बोटाने फिरे. खाटेकडे वळवायची तर दोन हात लागत, तरी ती मध्येच अडे. मी तक्रार केली.

"लाकूड नवं शे, भाऊ. मारू रंधा एखाद दिवस."

"चांगली फिरते की," पडद्यामागून बायको म्हणाली.

पुढे आबा दर रविवारी चहाला येत आणि रंधा दुकानात विसरत. शेवटी मी नाद सोडला आणि संध्याकाळच्या बातम्या चुलीपाशी बसून ऐकू लागलो. तिथे पाट एकच होता. दुसरा करायला सांगावा म्हणून दुकानात गेलो, तर आबांनी तो आधीच करून ठेवला होता.